अण्णांची पाटी आणि लाल चिंधी

“थांबव. आषाढ थांबव. अरे ए बहिऱ्या, आषाढ थांबव म्हणतोय ना!”

अण्णा, बापूसाहेबांचा तो आवाज तुम्हांला आठवत असेलच. जिथं गेला आहात तिथंही तो पोचत असणार. त्या दिवशी त्या आवाजानं चौपाटीवरची गलबतं नांगर तोडून पळाली, ट्रामचे घोडे जागच्या जागी उलटे फिरले, आणि समोरच्या चाळीतल्या म्हातारीला वीस वर्षांनी पहिल्यांदा ऐकू आलं. फक्त एका माणसाला ऐकू आलं नाही. तो बापूसाहेबांपासून दहा पावलांवर पाठमोरा उभा होता आणि पंचांगाच्या फर्म्यात हातोडीनं पाचरी ठोकत होता. ठक, ठक, ठक. आपला भिकू.

पाडव्याआधीचे दिवस. पंचांग वेळेवर बाहेर पडलं नाही तर पुढं वर्षभर त्याला कोण विचारणार? पंचांग करणाऱ्या जोशीबुवांनी आषाढाच्या पानात फेरफार करून नवा कागद पाठवला होता. तो फडकावत मालक बापूसाहेब दारातून ओरडत होते, कारण जुळवलेला जुना आषाढ फर्म्याच्या लोखंडी चौकटीत आवळला जात होता. मालक ओरडले म्हणून कारकून ओरडला. कारकून ओरडला म्हणून सगळे कंपॉझिटर ओरडले. आणि अण्णा, आज कबूल करतो, माझ्या उंच तिवईवर बसून मीही ओरडलो. त्याला छापखान्यात आणणारा मी, त्याला काडीइतकंही ऐकू येत नाही हे सगळ्यांत जास्त ठाऊक असणारा मी, आणि घसा फाडून एका बहिऱ्याला हाका मारत होतो. भिकूनं शेवटची पाचर ठोकली, फर्मा उचलला, यंत्रावर राजारामच्या हवाली केला. चाक फिरलं. जुना आषाढ धडाधड छापून पडायला लागला.

तेव्हा तुम्ही आतल्या खोलीतून आलात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चिमटीत तपकीर. सगळा गिरगाव ओरडत असताना तुम्ही ती तपकीर आधी नीट ओढलीत, मग विचारलंत, “त्याच्यापर्यंत कोण गेलं?”

कुणीच गेलं नव्हतं. दहा पावलं होती.

“जायचं कशाला?” बापूसाहेब म्हणाले. “ओरडत होतो की मी.”

“राजाराम, तुला ऐकू आलं?”

“नाय ओ अण्णा. यंत्राच्या खडखडाटात काय ऐकू येतंय?”

“म्हणजे हाही बहिरा,” तुम्ही म्हणालात. “याला काढायचं का, मालक?”

बापूसाहेबांची मिशी थरथरली. तुम्हांला सोडून ते माझ्यावर घसरले. “हा तुमचा सखाराम काय म्हणाला होता मला? ‘मालक, हा माणूस चूक करतच नाही. कानात गडबड शिरत नाही, तर हातून गडबड होईल कशी?’ म्हणाला होतास की नाही रे?”

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. मेलो असतो तर बरं झालं असतं.

“पाडव्यापर्यंत बघतो,” मालक म्हणाले. “आणखी एक फर्मा असा गेला की हा गेला. आणि याला आणणारा तिवईवरचा तोही गेला.” भिकू आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाळीपाळीनं बघत होता. आपल्या भाकरीचा निकाल लागतोय एवढं त्याला कळत होतं. काय निकाल लागला, ते कुणी सांगत नव्हतं.

अण्णा, तुम्हांला जाऊन आज नऊ दिवस झाले. हा मजकूर मी कागदावर लिहिलेला नाही. तुमच्या रिकाम्या जागेशेजारी बसून थेट शिशाच्या खिळ्यांनी जुळवतोय. अक्षरं उलटी, ओळी उलट्या, डोळ्यांत पाणी आलं तरी बोटांना वाट ठाऊक. काने मूठ मूठ जातायत. काना हा एवढासा उभा खिळा, पण प्रत्येक ओळीत दहा वेळा लागतो आणि सगळ्यांत आधी तोच संपतो. “सख्या, तुझ्या थापांत काने फार खर्ची पडतात,” असं तुम्ही म्हणायचात. आज थापा कमी आहेत. काने मात्र तेवढेच लागतायत.

मी तुमच्याकडे आलो तो दिवस आठवा. काळबादेवीपासून मुगभाटापर्यंत एक छापखाना सोडला नव्हता मी. जिथं जावं तिथं माणसं आधी कुबडीकडे बघायची, मग विचारायची, “पाय कसा गेला?” सांगितलं की च्यक् च्यक् करायची, आणि शेवटी “पुढं बघा” म्हणायची. तेव्हा मला एक गोष्ट कळली. पाय कसा गेला याची गोष्ट जेवढी लांब, तेवढा वेळ नकार लांबतो. म्हणून मी माझगावच्या समुद्रात एक मासा पाळला. पहिल्या छापखान्यात तो माझ्याएवढा होता. तिसऱ्यात होडीएवढा झाला. तुमच्या दारात आलो तोवर तो आगबोटीएवढा झाला होता आणि त्यानं माझा पाय, माझं धोतर आणि एक गोरा कप्तान असा एका घासात गिळलेला होता.

तुम्ही पाय कसा गेला हे विचारलंच नाहीत. म्हणालात, “तुला काय लागेल?”

मला प्रश्नच कळला नाही. तयार गोष्ट वाया जाऊ नये म्हणून मी मासा सोडला. तुम्ही शेपटीपर्यंत ऐकून घेतलात. “झालं? आता सांग, उभा किती वेळ राहू शकतोस?”

“दिवसभर. बगळ्यासारखा.”

“खरं.”

“घटकाभर,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. खिळ्यांची पेटी वीतभर खाली घेतली, उंच तिवई आली. तीन तिचे आणि एक माझा, असे चार पाय घेऊन मी कामाला बसलो. मग कुजबुज सुरू झाली. “आम्ही काय पाप केलं? हा राजासारखा बसणार आणि आम्ही उभे?” तुम्ही म्हणालात, “ज्याला तिवई हवी त्यानं सांगा, मिळेल. पण दिवसाला ओळी याच्याइतक्या मोजून घेईन.” महिनाभर कुणी काही बोललं नाही. मग गुडघे धरलेल्या दोघांनी गुपचूप मागून घेतली. मी उशिरा आलो की मलाही इतरांसारखंच झापायचात. पहिल्यांदा झापलंत तेव्हा, तुम्हांला म्हणून सांगतो, मला फार बरं वाटलं. तोवर माझ्यावर कुणी रागवायचंसुद्धा नाही. बिचारा म्हणायचे.

भिकू मला माझगावच्या धक्क्यावर भेटला. कोळ्यांचं पोर, पंचविशीचा. नवव्या वर्षी ताप येऊन कान गेले, पण तोवर अक्षरं शिकला होता. भाऊ त्याला होडीवर घेत नसत, कारण होडीवर हाक ऐकू यायलाच हवी. तो मासळी बांधलेला कागद वाचत बसला होता, आणि कागद उलटा होता. यात थाप नाही अण्णा, खरंच उलटा होता. उलटं वाचणारा माणूस बघितल्यावर कंपॉझिटरचं काय होतं हे तुम्हांला सांगायला नको. मी त्याला गिरगावात घेऊन आलो.

आणि तिथं माती खाल्ली. बापूसाहेबांपुढं उभा राहिलो आणि जिभेला लगाम राहिला नाही. “मालक, हा झोपेत पानं लावतो. बोटांच्या टोकांना डोळे आहेत याच्या. चूक हा शब्दच याला ठाऊक नाही.” बापूसाहेब खूश झाले. माणूस ठेवून घेतला.

तुम्ही मला मागच्या गॅलरीत ओढून नेलंत. “काय केलंस हे?”

“काम लावलं एका गरिबाला.”

“गारुडी आणलास तू. कामगार आणायचा होता. कामगाराची पहिली चूक पोटात घालतात. गारुड्याची घालत नाहीत.”

“कामगार म्हणून आणला असता तर दारातूनच परत गेला असता, अण्णा. तुम्हांला दोन पाय आहेत. तुम्हांला दारं ठाऊक नाहीत.”

हे मी बोलायला नको होतं. तुम्ही रागावला नाहीत. “काय जमतं ते सांगायचं,” तुम्ही म्हणालात. “काय जमत नाही तेही सांगायचं. जमत नाही त्याची सोय काय, तेही सांगायचं. मग मालकानं ठेवावं नाहीतर नको म्हणावं.”

“आणि नको म्हणाले तर?”

“तर पुढचा छापखाना.”

“आणि तिथंही नको म्हणाले तर?”

हे भांडण आपण पुढं किती वेळा केलं असेल? माझ्या हिशेबानं लाख वेळा. तुमच्या हिशेबानं पाच-सहा असेल.

तर पुन्हा आषाढाकडे येतो. मालक आत गेल्यावर तुम्ही खिशातून घडी घातलेला एक मळका कागद काढलात आणि माझ्यापुढं धरलात. भिकू कामाला लागला त्या दिवशीचा. वर तुमच्या अक्षरात, ‘तुला काय लागेल?’ खाली त्याच्या अक्षरात, ‘मागून हाक मारू नका.’

“पहिल्या दिवशी सांगितलं होतं त्यानं,” तुम्ही म्हणालात. “मी वाचलं, आणि खिशात ठेवलं. चूक त्याची नाही आणि तुझ्या थापेचीही नाही. माझी आहे.”

मी काहीतरी विनोद केला. आज तो आठवत नाही, आणि आठवला असता तरी जुळवला नसता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची शाळेतली दगडी पाटी घेऊन आलात, एक कोपरा तडकलेली, आणि भिकूच्या पेटीसमोर टांगलीत. कुठलाही बदल तोंडी सांगायचा नाही, पाटीवर लिहायचा. मग आढ्यातून एक दोरी ओवलीत. एक टोक बापूसाहेबांच्या दाराशी, दुसरं भिकूच्या डोळ्यांसमोर, आणि त्या टोकाला लाल चिंधी. दोरी ओढली की चिंधी नाचणार. मालकांनी चिंधीकडे असं पाहिलं की जणू तुम्ही छापखान्यात पतंग उडवायला घेतलाय. “मी या छापखान्याचा धनी आहे. घंटा वाजवणारा पुजारी नाही.” आणि ते पहिल्यासारखेच ओरडत राहिले. त्यांचं ओरडणं पाटीवर उतरवण्यासाठी रोज आम्ही पाच-सहा जण धावायचो. मी तर कुबडीवर असा धावायचो की शर्यतीतल्या घोड्यांनी लाजेनं चारा सोडला.

पाटीनं माझंही वाटोळं केलं. केवढीशी पाटी. तिच्यावर ‘तिसऱ्या ओळीतला मंगळवार काढ, बुधवार घाल’ एवढंच मावतं. तिच्यावर मासा मावत नाही.

आणि मग पंचांगाचा शेवटचा फर्मा. आत्ताही तो प्रसंग जुळवताना खिळे लावायची स्टिक हातात घट्ट धरावी लागते. दुपारची वेळ. जोशीबुवा स्वतः धापा टाकत आले. फाल्गुनात बदल. भिकू पाठमोरा, डाव्या हातात पाचर, उजव्यात हातोडी. बापूसाहेब दारातून ओरडले, “फाल्गुन थांबवा.” आम्ही सवयीनं धावायला उठलो. तुम्ही हात आडवा केलात.

कुणी हललं नाही.

“अण्णा, त्याला सांगा,” मालक म्हणाले.

तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे. ठक. एक पाचर आत गेली.

“अण्णा, मी काय म्हणतोय?”

“दोरी तुमच्या हाताशी आहे, मालक.”

ठक. दुसरी. आता दोनच राहिल्या होत्या. त्या ठोकल्या की फर्मा राजारामकडे, आणि राजारामला ऐकू येत नाही हे ठरलेलं. मी तिवईवरून अर्धा खाली आलो. तुम्ही माझ्याकडे न बघता एक बोट वर केलंत. अण्णा, त्या बोटाखाली माझी भाकरी होती, आणि त्याचीही. त्याला तर हेही ठाऊक नव्हतं की आपण पणाला लागलोय. बापूसाहेबांचा चेहरा लाल, मग जांभळा. ठक. तिसरी. भिकूनं चौथी पाचर उचलली, निरखली, जागेवर लावली, हातोडी वर नेली.

बापूसाहेबांनी दोरी ओढली. अशी ओढली की चिंधी तुटून भिकूच्या डोक्यावर पडली. त्यानं हातोडी खाली ठेवली. चिंधी काढून हातात घेतली, वळला, आणि धन्याकडे बघत उभा राहिला, काय काम आहे असं.

मालक खडू घेऊन स्वतः पाटीपर्यंत आले. दहा पावलं.

संध्याकाळी मी तुम्हांला गॅलरीत गाठलं. “मला का अडवलंत?”

“तू रोज धावणार. मग मालक कधी शिकणार?”

“आणि त्यांनी ओढली नसती तर? आमच्या जिवावर तुम्ही मालकांना धडे देत होतात. आम्हांला विचारलं होतं?”

तुम्ही तपकिरीची डबी उघडलीत आणि बंद केलीत. चार वर्षं झाली. या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. मला अजून राग आहे अण्णा, नऊ दिवसांत तो कमी झालेला नाही. तुम्ही बरोबर होतात. पण भिकूला काय लागेल हे विचारणारे तुम्ही, त्या दिवशी त्याला विचारलं नाहीत. माझा राग एवढाच आहे. तो तुमच्या तोंडावर पुन्हा एकदा बोलायचा होता. तुम्ही तापात पडलात तेव्हा वाटलं, बरे होऊ देत, मग भांडू.

आणखी एक राहिलंय. पाय. तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून मी कधी सांगितलं नाही. पावसाळ्यात लालबागच्या चिखलात अनवाणी चाललो होतो, काच लागली. दुर्लक्ष केलं. चिघळली. इस्पितळात पाय कापला. संपलं. यात समुद्र नाही, कप्तान नाही. एवढी किरकोळ गोष्ट सांगून कुणी मला दारात उभं केलं नसतं असं वाटायचं. तुम्ही केलं असतंत. तिवई दिली असतीत आणि कामाला बसवलं असतंत.

आता आज सकाळचं ऐका. इथवर जुळवून झालं तोच बापूसाहेबांनी मला बोलावलं. तुमच्या जागी येणारा नवा फोरमन बघून गेलाय. त्याला तिवया नकोत, आढ्यातली दोरी नको, पाटी तर नकोच. म्हणतो, छापखाना आहे की धर्मशाळा. मालक गादीवर बसले होते, मला उभं ठेवलं नाही, चौरंग पुढं सरकवला.

“सखाराम, अण्णा आता नाहीत. तू खरं सांग. भिकू कसा आहे?”

अण्णा, काय सुंदर थाप तयार होती. फाल्गुनाच्या त्या दिवसापासून भिकूला जमिनीतून तळपायांना ऐकू येतं, यंत्राचा बोल्ट सैल झाला तर तो दोन गल्ल्या पलीकडून सांगतो, जोशीबुवासुद्धा तिथी त्याला विचारून लावतात. सगळी जिभेवर होती. मालक वाट बघत होते.

“अक्षर जुळवणं चांगलं आहे,” मी म्हणालो. “आकड्यांची पानं माझ्यापेक्षा चांगली लावतो. लांब लेख माझ्यापेक्षा हळू लावतो. प्रूफ मिळवताना मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा असतो, ते त्याला जमत नाही, ते दुसऱ्यानं करावं लागतं. जेवणानंतर एखादा खिळा चुकीच्या घरात टाकतो, आम्ही सगळेच टाकतो. मागून हाक मारून उपयोग नाही. पाटी लागते, चिंधी लागते. ती काढली तर त्याच्या चुका होतील, आणि त्या त्याच्या नसतील.”

बोलून झालं. एवढं थोडं मी आयुष्यात बोललो नव्हतो.

“एवढंच?” बापूसाहेबांनी विचारलं.

“एवढंच.”

त्यांनी दाराशी लोंबणाऱ्या दोरीच्या टोकाकडे पाहिलं. वापरून वापरून ते टोक काळं पडलंय. त्यांच्याच हातानं. मग म्हणाले, “नव्या माणसाला सांगतो मी. दोरी राहू दे. पाटीही.”

मी बाहेर आलो. भिकू पेटीसमोर पाठमोरा उभा होता. मी हाक मारली नाही, वळसा घालून समोर गेलो. तुमची तडकलेली पाटी घेतली आणि लिहिलं, ‘मालक ठेवतायत. पाटी आणि दोरी राहणार.’ त्यानं वाचलं, मान हलवली. मला वाटलं, रडेल, निदान हात तरी धरेल. चार वर्षं अण्णा अण्णा करत होतो आम्ही दोघं. तो नुसता उभा. मग मला सुचलं तुमचं वाक्य. पाटी पुसून ते लिहिलं, ‘तुला काय लागेल?’

भिकूनं पाटी माझ्या हातातून घेतली. माझ्या पेटीकडे पाहिलं, या मजकुराच्या भरलेल्या ओळींकडे पाहिलं, आणि माझ्या वाक्याखाली लिहिलं, ‘काने. सगळे तुम्ही घेतलेत.’